मिक्सरचं भांडं आणि चौथा गियर

प्रयागबाईंच्या मोटारसायकलच्या मागच्या सीटवर तीन वर्षं मिक्सरचं एक भांडं फिरत होतं. स्टीलचं, मधल्या आकाराचं, काळ्या दांड्याचं. वाटेत पडू नये म्हणून ते सायकलच्या जुन्या ट्यूबने बांधलेलं असे. मी ते गेवराईच्या स्टँडसमोर पाहिलं आहे, गोदावरीच्या पुलावर पाहिलं आहे, आणि एकदा बातमीसाठी गेलो असताना थेट सिरसाळ्याच्या बाजारात पाहिलं आहे. आमच्या तलवाड्याहून सिरसाळा म्हणजे जाऊन-येऊन दिवस मोडतो.

"इकडं कुठं?" मी विचारलं.

"भांडं दुरुस्तीला आणलंय. हितला कारागीर लई चांगला हाय म्हणं."

"झालं दुरुस्त?"

"त्यो आज गावाला गेलाय."

कारागीर गावाला गेल्याचं कुठलंही दुःख त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. उलट, लांबून वाऱ्यात आलेल्या माणसाचा असतो तसा तो ताजा दिसत होता.

आमची घरं शेजारी, मध्ये मेंदीचं कुंपण. ऐकलेली गोष्ट तपासल्याशिवाय लिहायची नाही, ही माझ्या कामाची सवय. म्हणून नोंदवून ठेवतो : दुसऱ्याच दिवशी त्याच भांड्यात वाटलेली शेंगदाण्याची चटणी कुंपणावरून आमच्या घरी आली. चटणी एकसारखी बारीक होती. भांड्याला काहीही झालेलं नव्हतं.

प्रयागबाई आरोग्यसेविका होत्या. सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणतं. त्यांचे यजमान शिक्षक होते, तेही निवृत्त झाले आहेत. तेही त्यांना सिस्टरच म्हणतात, आणि त्या त्यांना गुरुजी म्हणतात. लग्नाला पस्तीस वर्षं झाली तरी दोघांचं बोलणं ऐकताना आपण एखाद्या सरकारी बैठकीला बसलो आहोत असं वाटतं.

नोकरीत असताना वाड्या-वस्त्यांवर जायला एसटी पुरत नव्हती, म्हणून सिस्टरांनी गियरची मोटारसायकल घेतली. ती त्यांना गुरुजींनी शिकवली. गुरुजींना मोटारसायकल चालवता येत नाही. तेव्हाही येत नव्हती. त्यांनी गाडीसोबत आलेलं पुस्तक दोनदा वाचलं, शाळेच्या मैदानात चुन्याच्या रेघा मारल्या आणि मागे बसून, पाढे म्हणावेत तसं सांगत गेले, "क्लच. पहिला. हळू सोडा. आता दुसरा." चौथा पडला की म्हणायचे, "आता गाडी तुमची."

पुढे दर रविवारी दोघं त्या गाडीवर निघायचे. पारावरची मंडळी डिवचायची, "काय गुरुजी, तुमी मागं आन् सिस्टर म्होरं?"

"ज्याला येतं तो पुढं बसतो," गुरुजी म्हणायचे. "तुमच्या बैलगाडीतही बैलच पुढं असतो."

सहा वर्षांपूर्वी गुरुजींच्या मणक्याची गादी सरकली आणि डॉक्टरांनी त्यांचं दुचाकीवर बसणं कायमचं बंद केलं. मग मागच्या सीटवर कामाच्या दिवशी असायचा तो लसीचा निळा डबा तेवढा उरला. त्या डब्याबद्दल सिस्टर अजून आदराने बोलतात. "डबा दिसला की कुणी इचारत न्हाई, कुठं चालल्या. पोरं तेवढी पळायची." गाडीचा आवाज आला की पोरं अजूनही पळतात. ज्यांना त्यांनी सुया टोचल्या त्यांचीच ही पोरं. भीती वारशाने गेली आहे.

निवृत्तीच्या दिवशी डबा केंद्रात जमा झाला. गाडी राहिली, रस्ते राहिले, निघायचं कारण गेलं.

आपल्याकडे वाटेत भेटलेला माणूस नमस्कार करत नाही, "कुठं निघाल्या?" असं विचारतो. पुरुष "हे असंच जरा" म्हणून पुढे जातो. सिस्टरही तसंच का म्हणत नाहीत, हे मी एकदा विचारलं.

"बाईला असंच न्हाई, भाऊ," त्या म्हणाल्या. "बाई असंच निघाली म्हंजी घरात कायतरी झालं. सांजच्याला चार जणी येत्यात मग, साखर मागायच्या निमतानं."

म्हणून ते भांडं. शिवाय त्या गल्लीतली कामंही गोळा करायच्या, पण जवळचं काम घेत नसत. माझ्या बायकोने एकदा कोपऱ्यावरून मीठ आणायला सांगितलं, तर त्यांनी अपमान झाल्यासारखं पाहिलं. "मिठाला तुमी चालत जावा की. गेवराईचं काय असंल तर बोला."

एकदा माझी गाडी बंद पडली आणि मी त्यांच्या मागे बसून गेवराईला गेलो. भांडं माझ्या मांडीवर होतं. निघताना त्यांनी नियम सांगितला : मागं बसून बोलायचं न्हाई. मी बोललो नाही. हिवाळ्यातली सकाळ होती. कपाशीच्या शेतांवर धुकं इतकं खाली होतं की बोंडं हवेत तरंगल्यासारखी वाटत होती. रस्ता पुढे दिसत नव्हता, जाऊ तसा उलगडत होता. उसाजवळून जाताना गार झुळूक गुडघ्यांना लागायची, माळ आला की हवा कोरडी व्हायची. इंजिनाचा एकसुरी आवाज थोड्या वेळाने ऐकू येईनासा झाला. आपण बसलेले आहोत आणि गावंच दोन्ही बाजूंनी मागे वाहत चालली आहेत, असं वाटू लागलं. पुलावर त्यांनी वेग कमी केला. खाली पाणी जेमतेम हलत होतं. त्यांनी मान वळवली नाही, फक्त हँडलवरची पकड सैल केली.

"डोळं झाकलं तरी सांगंन, कुणाचं रान आलं ते," गेवराईत उतरल्यावर त्या म्हणाल्या. "हातालाच कळतं. पन डोळं झाकायचं न्हाईत."

त्या फार नीट चालवतात. मला एकच चूक दिसली. गावाबाहेर नाला लागतो. त्याच्या अलीकडे, वेग आलेला नसताना, त्यांनी चौथा गियर टाकला. गाडी गुरगुरली, हिसके देऊ लागली. नाला ओलांडून चढ लागताच त्यांनी पुन्हा तिसरा घेतला. नाल्याजवळच सलीम मिस्त्रीचं गॅरेज आहे. तो रोज हे ऐकतो आणि रोज कपाळावर हात मारतो. "सिस्टर, सगळा रस्ता राणीसारख्या चालवता, हितंच कावून घाई करता? इंजिन रडतंय की!"

"सवय लागली बाबा," एवढंच त्यांचं उत्तर.

मागच्या दिवाळीत पुण्याहून मुलगा आणि सून आले. येताना त्यांनी आईसाठी नवा मिक्सर आणला, तीन भांड्यांचा. जुना मिक्सर सुनेने भंगारवाल्याला दिला, दुरुस्तीच्या भांड्यासकट. आईचे हेलपाटे वाचावेत, एवढाच तिचा हेतू होता. जाताना मुलगा म्हणाला, "आई, आता गाडी तरी कशाला? नुसती उभी राहणार असेल तर गंजून जाईल. संक्रांतीपर्यंत बघू, नाही तर देऊन टाकू."

सिस्टर "बरं" म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढं लहान वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

त्यानंतर त्या भांड्याशिवाय एकदाच निघाल्या. पारावर म्हाताऱ्या नामदेव तात्यांनी विचारलं, "सिस्टर, कुठं?"

"पुढं."

"पुढं म्हंजी कुठवर?"

सिस्टर थांबल्या, विचार केला आणि गाडी वळवून घरी आल्या. मग गाडीवर ताडपत्री पडली. गावातली अर्धी घरं ऊसतोडीला गेली होती, गल्ली शांत होती. आमची एक कोंबडी त्या ताडपत्रीवर बसू लागली. सिस्टरांनी तिला हाकललं नाही. त्या ओट्यावर तांदूळ निवडत बसायच्या आणि दूर रस्त्यावरून एखादी गाडी गेली की हात थांबायचा. आवाज विरला की पुन्हा सुरू व्हायचा. एका दुपारी अंडं सापडलं तेव्हा मला वाटलं, गाडीचा विषय संपला.

संक्रांतीला दहा-बारा दिवस उरले असतील. सकाळी मी कुंपणाला पाणी घालत होतो. गुरुजी कमरेला पट्टा बांधून ओट्यावर आले. हातात नव्या मिक्सरचं भांडं होतं.

"सिस्टर, हे गळतंय."

"नवंकोरं हाय की ते."

"नवं असलं तरी गळतंय."

सिस्टरांनी भांडं हातात घेतलं, झाकण काढून पाहिलं. झाकणाच्या आतलं रबर नव्हतं. त्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी आभाळाकडे पाहत होते. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात काहीतरी गोल होतं, ते मला कुंपणापलीकडूनही दिसत होतं.

"असलं रबर गेवराईत मिळायचं न्हाई," सिस्टर म्हणाल्या.

"मग सिरसाळ्याला बघा."

"दिवस मोडंल."

"मोडू द्या. जेवण मी वाढून घेईन."

कोंबडी उठवली गेली. भांडं ट्यूबने बांधलं गेलं. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली आणि वळणावरून दिसेनाशी झाली. गुरुजी ओट्यावर तसेच बसून राहिले, डोळे मिटून. मांडीवरची बोटं एकेक करून उघडत होती. पहिला. दुसरा. तिसरा. मग लांबून तो गुरगुरणारा, अवेळी टाकलेला गियर ऐकू आला.

"चौथा," गुरुजी स्वतःशीच म्हणाले. "आता गाडी तुमची." मग खांबाला धरून सावकाश उठले आणि आत गेले.

संक्रांतीला मुलाचा फोन आला. गुरुजींनी कळवलं की गाडी देता येणार नाही, नवा मिक्सर फार बिघडतो.

परवा सिस्टर कुंपणाशी चटणी द्यायला आल्या, तेव्हा मी विचारलंच, "नाल्याच्या अलीकडं चौथा टाकता, तो गुरुजींसाठी का?"

त्यांनी आधी घराकडे पाहिलं. गुरुजी आत होते.

"नाल्याच्या पल्याड आवाज जात न्हाई, भाऊ," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आन् चौथा ऐकल्याबिगर ते उठत न्हाईत. लई येळ बसलं की कंबर धरती त्यांची."