गणसंख्येअभावी

तळमजल्यावरचे मिरजकर काका पहिल्यांदा आमच्याकडे चहाला आले, त्याच्या तिसऱ्या दिवशी आमच्या टपालपेटीत एक पांढरं पाकीट पडलं. आत टाइप केलेला एकच कागद. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'चहापानाचे इतिवृत्त'.

'उपस्थिती: ३. विषय क्र. १, चहा. आले जास्त झाल्याचे श्री. मिरजकर यांनी निदर्शनास आणले. आले मुद्दाम घातल्याचा खुलासा सौ. अलका यांनी केला. खुलासा मान्य. विषय क्र. २, जिन्यातील चपला. त्या रॅकवर ठेवण्याचे आश्वासन श्री. श्रीकांत यांनी दिले. मुदत शुक्रवार. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय: चिवडा. उत्तम. आभारप्रदर्शनानंतर सभा संपली.'

खाली सह्यांसाठी जागा सोडलेली.

"हा माणूस वेडा आहे," श्रीकांत म्हणाला.

"असेल," मी म्हटलं. "पण शुक्रवारच्या आत चपला उचल."

शुक्रवारी सकाळी काका जिन्यात हजर. चपला रॅकवर होत्या. "नोंद झाली," एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

एश्बॉर्नच्या त्या इमारतीत आम्ही राहायला आलो तेव्हा काकांना जर्मनीत येऊन पस्तीस वर्षं होत आली होती. यंत्रांच्या एका कारखान्यातून ते इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले होते. मूळचे इचलकरंजीचे. वडील तिथल्या विणकरांच्या सहकारी सोसायटीत सेक्रेटरी. इतर मुलं चिंचा पाडत होती त्या वयात काका सोसायटीच्या सभांना वडिलांची दौत धरून बसायचे. पुढे जर्मनीत आले, तर इथे कुठल्याही सात माणसांची नोंदणीकृत संस्था होते आणि प्रत्येक संस्थेचं इतिवृत्त ठेवावं लागतं. या देशाला काका आवडले नसते तरच नवल होतं.

त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम एक छोटी वही असायची. एस-बान लोकलच्या फलाटावर त्यांच्याशी दोन मिनिटं बोललं तरी ती बाहेर निघायची. "थांबा हं, हे घेतो लिहून." आपण आपलं 'एकदा निवांत भेटू या' असं म्हणावं, तर काका पेन उघडून विचारणार, "कधी? तारीख सांगा की." बोललेल्या शब्दावर त्यांचा फार विश्वास होता. बोलणाऱ्यांना त्याचा त्रास व्हायचा.

आमची इरा तेव्हा दहा वर्षांची होती. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये यायचं. काकांचं नाव तिनं 'प्रोटोकोल-ओंकेल' ठेवलं. प्रोटोकोल म्हणजे इतिवृत्त आणि ओंकेल म्हणजे काका. हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका म्हणाले, "गेनाऊ! अगदी बरोबर," आणि वहीत नोंद केली.

मराठी मंडळात मात्र कोणी एवढ्या प्रेमानं घेत नव्हतं. गणपतीच्या आधीच्या बैठकीत सगळे मोदकांची काळजी करत बसले होते. काकांनी फाइल उघडून गंभीर आवाजात वाचलं, "मार्चची सभा, पान दोन. सौ. मंजिरी म्हणाल्या, मोदकांचं माझ्यावर सोडा, दोनशे काय, चारशे करते."

"अहो काका, ते बोलण्याच्या भरात!" मंजिरी म्हणाली.

"भराची नोंद नाही. आकड्याची आहे."

मंजिरीनं मोदक केले. चारशे केले. पण त्या दिवसापासून काकांचं नाव निघालं की ती पदर खोचायची. तशा मंडळात पुष्कळ मंजिऱ्या होत्या. कोणी सतरंज्या धुऊन आणणार होतं, कोणी नाटक बसवणार होतं, आणि सगळं काकांकडे तारीखवार लिहिलेलं.

अशा माणसाला बरोबर घेऊन मी मंडळाच्या अध्यक्षपदाला उभी राहिले.

मला पदाची हौस नाही. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून घरी आल्यावर आणखी दीडशे माणसांच्या चुका पाहायची कोणाला उमेद असते? पण शनिवारचा मुलांचा मराठी वर्ग मी चालवत होते आणि समोरचे उमेदवार सबनीस जाईल तिथे सांगत होते की वर्गाची वेळ बॅडमिंटनला द्यावी. मुलं नाहीतरी जर्मनच बोलतात. वर्ग वाचवायचा तर उभं राहणं भाग होतं.

आमच्या मंडळाच्या घटनेप्रमाणे अध्यक्ष आणि उपाध्यक्ष जोडीनंच उभे राहतात. चिठ्ठीवर दोन नावं, मत एक. ही घटना वीस वर्षांपूर्वी काकांनीच लिहिली होती. मी जोडीदार शोधत होते तेव्हा सगळ्यांना अचानक कामं निघाली. काका मात्र भरलेला अर्ज घेऊनच दारात आले. "तुमच्या सहीची जागा पेन्सिलनं दाखवली आहे, अलकाताई."

मी सही केली. दोन दिवसांनी फोन सुरू झाले.

"अलका, तू शहाणी ना गं?" मंजिरी म्हणाली. "लोकांना मत तुला द्यायचंय. पण चिठ्ठीवर तुझ्या नावाखाली ते बसलेत."

"काम करतात ते."

"काम कोण विचारतंय? रोहितला घे. त्याला सगळे ओळखतात, तबला वाजवतो, कोणाला कधी दुखवत नाही. आणि अमेरिकेतसुद्धा अध्यक्षपदाचे उमेदवार जोडीदार बदलतात म्हणे, जड व्हायला लागला की. इथे तर एश्बॉर्न आहे."

मी यादी घेऊन बसले. मला भावनांपेक्षा यादी बरी पडते. ज्यांची मुलं वर्गात होती अशा घरांनासुद्धा फोन केले. नऊ जणांनी साफ सांगितलं, काका असतील तर आम्ही त्या दिवशी गावाला जाऊ. रोहित तयार होता. जोडीदार बदलायचा तर सर्वसाधारण सभेच्या आठ दिवस आधी, म्हणजे शनिवारी दुपारी बारापर्यंत, अर्ज द्यायचा होता. हेही कलम काकांचंच.

"सरळ सांग जाऊन," श्रीकांत म्हणाला. "वर्ग महत्त्वाचा की काका?"

वर्ग महत्त्वाचा होता. मी शनिवारी दहा वाजता तळमजल्यावर गेले. जिन्यात वाक्यही तयार केलं, 'काका, मंडळाच्या हिताचा विचार करता...'

काकांनी दार उघडलं. टेबलावर दोन कप आधीच मांडलेले होते आणि दोन कपांच्या मध्ये एक कागद.

"वाचा," ते म्हणाले. "चूक असेल तर सांगा. दूध तापवतो तोवर."

त्या दिवशीच्या, अजून न झालेल्या, आमच्या भेटीचं ते इतिवृत्त होतं. 'विषय क्र. १, उपाध्यक्षपदाचा उमेदवार बदलणे. आपल्यामुळे मते जात असल्याचे श्री. मिरजकर यांनी स्वतः निदर्शनास आणले व माघार घेण्याचा ठराव मांडला. सौ. अलका यांनी अनुमोदन दिले. श्री. रोहित यांना शुभेच्छा देऊन सभा संपली.' खाली त्यांची सही झालेली होती. माझ्या सहीची जागा पेन्सिलनं दाखवली होती.

"काका, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? मी आलो की लोक बोलायचं थांबतात. वर्षभराची नोंद आहे." स्वयंपाकघरातून आवाज आला, तक्रारीचा अजिबात नव्हता. "तुमचा वर्ग राहिला पाहिजे बघा. ते मुख्य."

मला सुटल्यासारखं वाटलं, हे मान्य करते. जिन्यात तयार केलेलं वाक्य बोलायची वेळच आली नव्हती. सहीला पेन शोधायला मी मागच्या फळीकडे वळले. तिथे त्यांच्या जाड जर्मन फायलींची, म्हणजे ओर्डनरांची, रांग होती. प्रत्येकाच्या पाठीवर चिठ्ठी: 'मंडळ', 'जिना व तळघर', 'दंतवैद्य'. शेवटच्यावर लिहिलं होतं, 'रविवार न्याहरी'. दुसऱ्याची फाइल उघडू नये हे मला कळतं. पण उघडून बघण्याचाच मी पगार घेते.

आधीची पानं कुमुदकाकूंच्या वेळची होती. काकू आम्ही यायच्या आधीच गेल्या होत्या. मी त्यांचा फक्त फोटो पाहिलेला. 'उपस्थिती: २. विषय, उप्पीट. मीठ कमी असल्याचे सौ. कुमुद यांचे मत. मीठ बरोबर असल्याचे श्री. मिरजकर यांचे मत. मतदान १ विरुद्ध १. अध्यक्षा या नात्याने सौ. कुमुद यांचे निर्णायक मत. मीठ कमी आहे.' पुढच्या रविवारी, 'मीठ जास्त आहे.' निर्णायक मत पुन्हा अध्यक्षांचंच. एका पानावर काकूंच्या अक्षरात शेरा होता, 'सेक्रेटरींनी खाताना लिहू नये. पान तेलकट होते.' पान तेलकट होतंच.

मग एका रविवारपासून प्रत्येक पान सारखं.

'उपस्थिती: १. गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब. अर्ध्या तासाने सभा त्याच जागी पुन्हा सुरू. उपस्थिती: १. विषय, उप्पीट.'

पुढे काही नाही. नुसती सही. मी पंधरावीस पानं उलटली. तेच. सहकारी सोसायटीचा हा नियम आमच्या वडिलांच्या तोंडूनही मी ऐकला होता. पुरेशी माणसं नसली तर अर्धा तास थांबायचं, आणि मग जितके असतील तितक्यांत सभा उरकायची. काका दर रविवारी उप्पीट समोर ठेवून अर्धा तास थांबत होते.

मी फाइल बंद करून जागच्या जागी ठेवली. तेवढ्यात स्वयंपाकघरात दूध उतू गेलं. काका ओला फडका हातात घेऊन बाहेर आले.

"सही झाली?"

"नाही. ठरावाला माझं अनुमोदन नाही."

"कारण?"

"कारण लिहायला पाहिजे का?"

"कारणाशिवाय ठराव फेटाळता येत नाही, अलकाताई."

"मग लिहा, वेळेअभावी. रोहितकडून बारापर्यंत अर्ज भरून घ्यायला मला वेळ नाही."

"आत्ता सव्वादहा झालेत."

"मी हळू चालते."

तीन मजले धडधड उतरणारी बाई मी, हे सगळ्या इमारतीला माहीत होतं. जिन्याच्या फायलीत नोंदही असणार. त्यांनी फडका खांद्यावर टाकला, कागद फिरवून घेतला, आणि अनुमोदनाची ओळ पट्टी लावून खोडली.

श्रीकांतनं कारण विचारलं तेव्हा मी म्हटलं, "जो माणूस स्वतःविरुद्धचा ठराव इतका नीट टाइप करतो, त्याला काढून मी तबलजी घेऊ?" ते खरं होतं. पूर्ण नव्हतं.

सर्वसाधारण सभेत कोणीतरी सबनीसांना वर्गाबद्दल विचारलं. समोर दोन रांगा आयाच बसल्या होत्या. सबनीस हसून म्हणाले, "वर्ग बंद? छे, छे! वर्ग चालूच राहणार, आणि बॅडमिंटनही होणार."

काका उभे राहिले. "पुन्हा सांगा. लिहून घेतोय."

सभागृहात हशा पिकला. सबनीसांना पुन्हा सांगावं लागलं. "सावकाश," काका म्हणाले, "'चालूच' का 'चालू'?" त्या एका प्रश्नानं आमची उरलीसुरली मतंही गेली असावीत. मंजिरीनं कपाळावर हात मारलेला मला लांबून दिसला.

आम्ही हरलो. थोडक्यात वगैरे नाही, चांगले हरलो.

वर्ग मात्र राहिला. दुसऱ्याच महिन्यात सबनीसांनी त्याची वेळ बॅडमिंटनला द्यायला काढली, तर काकांनी त्यांना एक पांढरं पाकीट पाठवलं. पान चार, 'चालूच'. रोहितचीच कोणी साक्ष घ्यायला गेलं तर तो म्हणाला, "हो, मीही ऐकलं." कोणाला न दुखवणारा माणूस, पण लिहिलेल्यापुढे त्याचाही इलाज नव्हता. मंजिरीचा फोन आला. "तुझे काका म्हणजे ना!" या वेळी सूर जरा वेगळा होता, पण ते तिला सांगितलं असतं तर तिनं नाकबूल केलं असतं.

हरल्याच्या पुढच्या रविवारी मी इराला घेऊन सकाळी तळमजल्यावर गेले. काकांनी दार उघडलं आणि आणखी दोन ताटल्या काढल्या. उप्पीटात मीठ कमी होतं. इरानं तसं जर्मनमध्ये सांगितलं. काका पेन वर धरून थांबले.

"सभेचं कामकाज मराठीत चालतं."

इरानं माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या उप्पीटाकडे पाहिलं.

"मीठ... कमी आहे," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी पाकीट आलं. वर नाव माझं नव्हतं, इराचं होतं. ती ते सोफ्यावर बसून मोठ्यानं वाचायला लागली, अक्षर लावत, अडखळत. 'उपस्थिती: ३. सौ. अलका व कु. इरा सात मिनिटे उशिरा आल्या. नोंद घेण्यात आली. मीठ कमी असल्याचे कु. इरा यांचे मत एकमताने मंजूर. सभा तहकूब करावी लागली नाही.'

"ममा, तहकूब म्हणजे?" तिनं विचारलं.