रेषेबाहेर बसलेले कासव

एका जंगलात, बाळांनो, सगळे प्राणी फुटबॉल खेळायला लागले होते. भांडणे मिटवायला मारामारीपेक्षा हे बरे, असे त्यांना वाटले. खेळून पाहिल्यावर तसे काही नाही हे कळले, पण तोवर गणवेश शिवून झाले होते.

त्या वर्षी उन्हाळा कडक होता आणि पाण्याचे एकच तळे उरले होते. म्हणून टेकडीपलीकडच्या रानाशी सामना ठरला. जिंकेल त्याचे तळे. हरेल त्याने पाऊस येईपर्यंत कोरड्या ओढ्यात वाळू उकरत बसायचे.

आपल्या जंगलाचा बचाव दणकट होता. गवा, सांबर आणि रानडुक्कर. गोलात माकड. आणि बचावाच्या अगदी मागच्या, मानाच्या जागेवर कासवआप्पा. आप्पांचे वय दीडशे होते. त्या जंगलात मानाच्या जागा वयावर मिळत, आणि ही रीत मोडायची कोणाची छाती नव्हती.

प्रशिक्षक होता कोल्हा. त्याने ऑफसाइडचा सापळा शिकवला. सोपा आहे, नीट ऐका. समोरच्या संघाने चेंडू पुढे मारला, त्या क्षणी त्यांच्या पुढच्या खेळाडूच्या आणि आपल्या गोलरेषेच्या मध्ये आपले निदान दोघे हवेत. एक आपला गोलकीपर असतोच. दुसराच नसला, तर तो खेळाडू ऑफसाइड, आणि गोल झाला तरी फुकट. म्हणून कोल्ह्याने शेपटी उडवली की बचावातल्या सगळ्यांनी झपकन पुढे पळायचे.

सगळे पळत. आप्पा "निघालोच" म्हणत आणि तिथेच असत. सरावात त्यांच्यापायी सात गोल खाल्ले. गवा वैतागला. आप्पांना घरी बसवा, असे त्याने कोल्ह्याला स्पष्ट सांगितले. कोल्हा म्हणाला की वडीलधाऱ्यांना असे काढता येत नाही, शिवाय त्यांचा पणतू पंचायतीत आहे.

मग कोल्ह्याने एक युक्ती काढली. तो आप्पांच्या कानाशी लागला.

"आप्पा, तुम्ही पळूच नका. गोलरेषा ओलांडून मागच्या गवतात जाऊन बसा. जो मैदानातच नाही, त्याला कोण मोजतंय?"

आप्पांना ते लगेच पटले. शंभर वर्षे ते प्रत्येक सभेला जात होते आणि तिथे त्यांना कोणीच मोजले नव्हते.

सामना रंगला. गव्याने जिवाचे रान केले. शेवटचे मिनिट उरले तरी गोल कोणाचाच नव्हता. आप्पा मध्यंतरानंतर लगेच निघाले होते, ते आत्ता कुठे रेषेपलीकडे पोचले आणि गवत चघळू लागले.

कोल्ह्याने शेपटी उडवली. गवा, सांबर, रानडुक्कर पुढे पळाले. त्याच क्षणी पलीकडच्यांनी चेंडू लांब मारला. त्यांचे चितळ गोलासमोर एकटेच उभे होते. आपल्या सगळ्यांनी पाय वर करून पंचाकडे पाहिले. चितळाने जरा संकोचतच चेंडू गोलात ढकलला.

पंच बगळा शांतपणे म्हणाला, "गोल."

गव्याने धापा टाकत विचारले की आमचा दुसरा होता कुठे. बगळ्याने चोचीने गवताकडे दाखवले.

"बचाव करणारा पंचाला न विचारता बाहेर गेला, तर तो गोलरेषेवरच आहे असं धरतात. माकड एक, कासव दोन."

आणि न विचारता गेल्याबद्दल त्याने आप्पांना ताकीद म्हणून एक पिवळे पान दिले.

"म्हणजे मला मोजलं?" आप्पांनी विचारले.

"मोजलं," बगळा म्हणाला.

आप्पांचे डोळे भरून आले. इतका आनंद त्यांना दीडशे वर्षांत झाला नव्हता. पान म्हणजे मानपत्रच समजून ते पाठीवर ठेवून आप्पा सगळ्यांना दाखवत राहिले.

तळे गेले. गवा, सांबर, रानडुक्कर, माकड मान खाली घालून ओढ्याकडे निघाले. कोल्हा सर्वांत पुढे होता, कारण मागे गवा होता. आप्पाही निघाले, पण चितळाने त्यांना अडवले.

"तुम्ही कुठे चाललात, आप्पा? तुम्ही नसता तर आम्ही ऑफसाइड होतो."

तेव्हापासून आप्पा तळ्याच्या सावलीच्या काठाला राहतात. नव्वद मिनिटे धावलेला गवा वाळू उकरतो.

तात्पर्य: मैदानात घाम गाळणाऱ्याला कोणी मोजत नाही. ज्याला आपली मोजदाद व्हावी असे वाटते, त्याने ऐन वेळी, कोणाला न विचारता, बाहेर जाऊन बसावे. फक्त रेषेपासून फार लांब जाऊ नये.