वाढीव पाच फुटांचा खुलासा

जप्त मालाच्या कोठीत भांडारपाल अण्णा हातात फूटपट्टी घेऊन गांजाच्या झाडासमोर उभे होते. नोंदवहीत लिहिलं होतं, ‘गांजाचं रोप, एक. उंची एक फूट.’ पट्टी एकावर एक सहा वेळा लावली तेव्हा कुठे शेंडा लागला. शनिवारी निवृत्ती, त्याआधी चार्ज द्यायचा. तीस वर्षांत वहीत साधी खाडाखोड नाही, आणि जाता जाता बिचाऱ्या अण्णांच्या माथी पाच फूट जादा माल!

दोष म्हणाल तर नियमाचा. ‘जप्त माल सुस्थितीत ठेवावा,’ म्हणून अण्णा सुट्टीच्या दिवशीही येऊन त्याला पाणी घालत. एरवी गांजाला परवानगी देण्याच्या ते कट्टर विरोधात. नव्या कायद्यावर वर्षभर वाद चालला होता आणि रोज जेवताना अण्णा बायकोला बजावत, “एकदा मोकळं सोडलं ना, की घराघरात शिरेल ते.”

“छाटून टाका,” साहेब म्हणाले.

“छाटलेल्याचीही नोंद लागेल, साहेब.”

“मग जाळा.”

“कोर्टाचा हुकूम लागतो. शिवाय धूर सगळ्या ऑफिसात जाईल.”

साहेबांनी लेखी खुलासा मागितला. अण्णांनी चार कागद फाडले. आपण पाणी घातलं म्हणून झाड वाढलं एवढंच खरं होतं, आणि ते लिहायला त्यांचा हात धजेना.

बुधवारी कायदा आला. आता घरटी एक झाड चालणार होतं. अण्णांना संताप आला आणि सुटल्यासारखंही वाटलं. झाडाच्या मालकीणबाईंना, एका निवृत्त शिक्षिकेला, लगेच बोलावणं गेलं. बाईंनी झाड खालून वर पाहिलं.

“हे माझं? गुडघ्यांसाठी लावलं होतं हो, पण माझ्या हातून गवतसुद्धा जगत नाही. नेलं तेव्हा मरायला टेकलं होतं.”

“वहीत तुमचंच नाव आहे, बाई.”

“मग सही करते. पण झाड तुम्हीच न्या. माझ्याकडे आठ दिवसांत वाळेल.”

अण्णा नाहीच म्हणणार होते. तेवढ्यात त्यांना तळाशी एक पिवळं पान दिसलं आणि जीव कासावीस झाला.

शनिवारी वही निष्कलंक देऊन, गळ्यात हार आणि कवेत कुंडी घेऊन अण्णा घरी आले. बायकोने दार उघडलं. आधी झाडाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

“तुम्ही म्हणत होतात तस्संच झालं,” ती म्हणाली. “आता जरा आत सरकवा, दार लागत नाहीये.”