कळवतो

समोरच्याच्या बोलण्यातून त्याच्या मनातलं ओळखण्यात अख्ख्या हिंजवडीत आपला हात धरणारा कोणी नाही, असं आनंद पिंपळापुरे छातीठोकपणे सांगायचा. आणि हे काही हवेत नव्हतं. त्याच्याकडे तसं सर्टिफिकेट होतं, चौकटीत बसवून खडकीच्या खोलीत गणपतीशेजारी टांगलेलं.

त्याचं झालं असं की दोन हजार तीन साली आनंदच्या कंपनीतल्या मंडळींनी क्लाउस नावाच्या जर्मन साहेबाला ‘शुक्रवारी काम होईल’ असं लागोपाठ सात शुक्रवार सांगितलं. आपल्याकडे ‘शुक्रवारी होईल’ म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही कळतं. क्लाउसला कळत नव्हतं. तो बिचारा प्रत्येक शुक्रवार डायरीत लिहून ठेवत होता. आठव्या शुक्रवारी तो स्वतःच पुण्याच्या विमानतळावर उतरला. मग कंपनीने सगळ्यांना तीन दिवस एका हॉटेलात कोंडून परदेशी चालीरीतींचे धडे दिले. हो म्हणजे हो. नाही म्हणजे नाही. हो म्हटलं की तारीख ठरवायची, झालेलं बोलणं लिहून पाठवायचं, आणि समोरचा कशाने अडला असेल तर ती अडचण आपण होऊन दूर करायची.

परीक्षेत आनंद पहिला आला. क्लाउसने सगळ्यांदेखत त्याचा हात हातात घेऊन सांगितलं, की या देशात मला समजलेला हा पहिला माणूस. त्याच दिवशी हा माणूस आपल्या देशात वावरायला नालायक झाला, हे क्लाउसला कुठून ठाऊक असणार?

आनंद मूळचा पुसदचा. वय एकोणतीस. आई विमलाबाई त्याच्या लग्नाच्या काळजीने अर्धी झाली होती. वडील बापूराव काळजी करत नसत, कारण त्यांना अलीकडे ऐकू कमी यायचं आणि बऱ्याचशा काळज्या त्यांच्यापर्यंत पोचतच नसत. वधूवर केंद्रातून नारायण पेठेतल्या शाळिग्रामांचा पत्ता मिळाला, तेव्हा दोघं रात्रभर बसमध्ये अंग आंबवून पुण्याला आले आणि तिघं मुलगी बघायला गेले.

शाळिग्रामांच्या दारावर चार पाट्या होत्या. ‘बेल एकदाच वाजवावी, घरात कोणी बहिरे नाही.’ ‘चपला जोडीने काढाव्यात.’ ‘दुपारी एक ते चार येऊ नये.’ ‘शेजारी कुठे गेले हे आम्हास माहीत नसते.’ विमलाबाईंनी त्या वाचल्या आणि पदर सावरला. आनंदचा मात्र ऊर भरून आला. इतकी स्पष्ट माणसं! ही तर आपल्या क्लाउसची भावकी. मुलगी बघायच्या आधीच त्याला घर पसंत पडलं.

मुलगी बघितल्यावर तर काय विचारता! शेफाली देखणी होती, हुशार होती, आणि तिने नेमके दोनच प्रश्न विचारले: ऑनसाइट, म्हणजे कामासाठी परदेशी, कधी जाणार, आणि पुण्यात घर आहे का. आनंद म्हणाला की ऑनसाइटचं चालू आहे, घराचं बघून राहिलो, सध्या रोज खडकीहून बसने येऊन-जाऊन राहिलो. त्यावर शेफाली खुदकन हसली. आनंदने ते हसू मनात जपून ठेवलं. पोह्यांची बशी एकदाच आली, पुन्हा वाढू का असं कोणी विचारलं नाही. पुसदला पाहुण्याच्या पानात तिसऱ्यांदा वाढल्याशिवाय त्याला पाहुणा म्हणत नाहीत. पण हा वेळेचा काटेकोरपणा आहे, अशी आनंदने आपली समजूत घातली.

निघताना शेफालीचे वडील शाळिग्राम म्हणाले, “पत्रिका बघतो आणि कळवतो.”

रिक्षात विमलाबाई हळूच म्हणाल्या, “कळवतो म्हणे. नाही म्हणून राहिले रे ते.”

आनंद हसला. “आई, ज्या माणसाने दारावर चार पाट्या लावल्या, तो एक नाही म्हणायला लाजेल का?”

बेल कितीदा वाजवावी हे जगाला बजावणारी माणसं मुलीच्या स्थळाला तोंडावर नाही म्हणताना का अडखळतात, याचं शिक्षण त्या तीन दिवसांत ठेवलेलं नव्हतं.

पंधरा दिवस गेले. आनंदने फोन केला. शाळिग्राम म्हणाले, आमचे गुरुजी गावाला गेलेत, आले की पत्रिका दाखवतो. आनंदने मनात नोंद केली: समोरचा अडला आहे. त्याच संध्याकाळी त्याने ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर वधूवर केंद्रातून मिळालेल्या दोन्ही पत्रिका घातल्या, गुण काढले, रंगीत कागदावर छापले आणि प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून रविवारी बरोबर चार वाजून पाच मिनिटांनी शाळिग्रामांची बेल एकदाच वाजवली. छत्तीसपैकी एकतीस गुण जुळत होते.

शाळिग्रामांनी तो कागद उलटा करून त्याची पाठही तपासली. ‘पत्रिका जुळत नाही’ हे आपल्या लोकांनी मोठ्या शहाणपणाने करून ठेवलेलं मागचं दार आहे. त्यातून बाहेर पडलं की कोणाचा अपमान होत नाही, सगळा दोष ग्रहांवर जातो, आणि ग्रह काही भांडायला येत नाहीत. आनंदने ते दार बाहेरून कडी घालून बंद केलं होतं आणि वर रंगीत पावती आणून दिली होती.

“वा,” शाळिग्राम म्हणाले. “बरीच मेहनत घेतलीत.” आणि दाराकडे दोन पावलं टाकत त्यांनी पुण्याचं शेवटचं अस्त्र काढलं. “या एकदा सगळे जेवायला.”

“कधी येऊ?” आनंदने विचारलं.

नारायण पेठेत ‘या एकदा जेवायला’ यावर ‘कधी’ असं आजवर कोणी विचारलं नव्हतं. शाळिग्राम क्षणभर गडबडले. मग त्यांची जीभ मूळपदावर, म्हणजे टोमण्यावर, आली.

“कधी काय, सतरा तारखेलाच या. नाहीतरी दीडशे पानं उठणार आहेत, त्यात तुमची तीन.”

“दुपारी?”

“साडेबाराला.”

“घरीच ना?”

“घरात दीडशे माणसं कुठे बसवू, माझ्या डोक्यावर? कोपऱ्यावरच्या कार्यालयात या.”

आनंदने सगळं डायरीत उतरवून घेतलं. इतकं सगळं सांगूनही कोणी खरोखर येण्याइतका निर्लज्ज नसतो, अशी शाळिग्रामांची समजूत होती, आणि पुण्यात ती कायम खरी ठरत आली होती. दुसऱ्या दिवशी आनंदने शिस्तीत पत्र टाकलं: झालेल्या बोलण्यानुसार सतरा तारखेला दुपारी साडेबारा वाजता आम्ही तीन माणसे जेवायला येत आहोत. आपला नम्र.

विमलाबाई आणि बापूराव पुन्हा रात्रभर बसमधून आले. आता विमलाबाईंना शंका उरली नव्हती. तारीख दिली, वेळ दिली, म्हणजे पोराचंच खरं होतं. त्यांनी पिशवीत मोतिया रंगाची रेशमी साडी घेतली होती, खण होता, आणि पुसदच्या घरून आणलेला ओटीचा नारळ होता.

कार्यालयाच्या दारात फुलांची कमान होती आणि पाटीवर लिहिलं होतं, ‘साखरपुड्यानिमित्त शाळिग्राम परिवारातर्फे स्वागत’. विमलाबाई थबकल्या.

“अरे,” त्या म्हणाल्या, “हे तर आजच साखरपुडा करून राहिले!”

आनंदने पाटी दोनदा वाचली. एकाच फेरीत जेवण आणि साखरपुडा, कुठे वेळेचा अपव्यय नाही. क्लाउसनेही हेच केलं असतं. दारातल्या बाईंनी अत्तर लावत विचारलं, मुलाकडचे का? विमलाबाई म्हणाल्या, हो, आम्ही मुलाकडचे. यात खोटं काय होतं? बाईंनी तिघांना गुलाबाची फुलं दिली आणि थेट पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. आनंदने शर्टाची वरची गुंडी लावली. समोर दोन पाट मांडलेले होते. त्यातला एक आपला, या विचाराने त्याला बसल्या जागी घाम फुटला.

मग शेफाली आली. ती एका पाटावर बसली आणि दुसऱ्या पाटावर अभिनव नावाचा उंच, गोरा, नुकताच शिकागोहून आलेला मुलगा येऊन बसला.

विमलाबाईंनी पिशवी मांडीवर घट्ट धरली. आनंद उठू लागला तेव्हा त्यांनी त्याचा हात दाबून खाली बसवलं. पहिल्या रांगेतून उठून दीडशे माणसांसमोरून बाहेर कसं जायचं? बापूरावांना अंगठ्यांचा कार्यक्रम बघून मजा वाटत होती. मुलगा छान आहे, कोण आहे हा, असं त्यांनी दोनदा विचारलं.

अंगठ्या झाल्या, टाळ्या झाल्या, आणि लोटालोटीत तिघं पंगतीला ढकलले गेले. पान वाढलेलं होतं. विमलाबाईंच्या शेजारी शेफालीची आत्या बसली. आत्या बोलकी होती.

“तुम्ही मुलाकडचे ना? मग तुम्हाला सांगायला हरकत नाही,” ती म्हणाली. “आमच्या पोरीचं नशीब थोर. नाहीतर एक तिकडचा, नागपूरकडचा, मागेच लागला होता. मी येऊन राहिलो, मी जाऊन राहिलो. शेफालीने त्याचं नावच ‘राहिलो’ ठेवलं होतं. दादाने कळवतो म्हणून सांगितलं, तर हा कॉम्प्युटरवर पत्रिका छापून दारात हजर. जेवायला या म्हटलं, तर कधी येऊ विचारतो. वर पत्र. आम्ही तीन माणसे येत आहोत! दादाने ते सगळ्यांना वाचून दाखवलं. हसून हसून पोट दुखलं हो.”

आनंद हसला. पंगतीत शेजारचं माणूस हसतं तेव्हा आपणही हसायचं असतं, एवढं त्याला सर्टिफिकेटाशिवायही येत होतं. विमलाबाईंचा घास मसालेभातातच थांबला होता.

“मग आला का तो?” आनंदने विचारलं.

“छे. इतकं का माणसाला कळत नाही?”

नेमकं तेव्हा पलीकडून बापूराव, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसे, अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले, “कोणी आग्रह नाही करून राहिलं, पण जिलबी काय मस्त होऊन राहिली, बाप्पा!”

आत्याने बापूरावांकडे बघितलं. मग विमलाबाईंकडे. मग आनंदकडे. बोलण्यात ‘राहिलं’, आणि माणसंही पत्रातल्यासारखी नेमकी तीन. त्यानंतर तिने कोशिंबिरीत जी मान घातली ती पंगत उठेपर्यंत वर काढली नाही. विमलाबाईंनी पानातलं सगळं संपवलं. अन्न टाकायची त्यांना सवय नव्हती. आनंद घास मोजून गिळत होता आणि आपण आईला दोनदा रात्रभर बसमधून आणलं, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

हात धुतल्यावर विमलाबाई बाहेर न जाता सरळ शेफालीकडे गेल्या. आनंद मागे धावला, पण त्यांनी ऐकलं नाही. ओटीसाठी आणलेला नारळ परत न्यायचा नसतो, एवढंच म्हणाल्या. त्यांनी शेफालीला कुंकू लावलं, खणानारळाने ओटी भरली, वर ती मोतिया साडी ठेवली. शेफालीने त्यांना ओळखलं. तिचं तोंड कानापर्यंत लाल झालं. शेजारी अभिनवला काहीच कल्पना नव्हती; त्याने शिकागोहून आलेल्या सगळ्या नम्रतेने वाकून विमलाबाईंना नमस्कार केला. विमलाबाईंनी त्यालाही सुखी राहा म्हटलं.

दारात शाळिग्राम पेढ्यांचे पुडे वाटत उभे होते. तिघांना पाहून त्यांचा हात पुड्यावरच राहिला. काहीतरी बोलायला हवं होतं. चार पाट्या लिहिणाऱ्या माणसाला पाचवं वाक्य सुचेना.

“आलात, बरं झालं,” ते शेवटी म्हणाले.

“तुम्ही बोलावलं होतं,” विमलाबाई म्हणाल्या. आणि मग एकेक शब्द जपून ठेवत, शाळेतली मुलगी धडा म्हणते तसं म्हणाल्या, “जेवण छान झालं. आम्ही निघतो आहोत.”

‘निघून राहिलो’च्या जागी त्या जन्मात पहिल्यांदा ‘निघतो आहोत’ म्हणाल्या होत्या. आनंदला ते ऐकवलं नाही. त्याला वाटलं, घरी जाऊन ते सर्टिफिकेट चुलीत घालावं. पण खडकीच्या खोलीत चूलही नव्हती.

शाळिग्रामांनी तिघांच्या हातात पुडे दिले, आणि जीभ आपल्या सवयीने आपल्या वाटेने गेली. “या पुन्हा एकदा,” ते म्हणाले. “सवडीने.”

आनंदने त्यांच्याकडे बघितलं. तारीख विचारली नाही.

“कळवतो,” तो म्हणाला.

शाळिग्रामांनी मान खाली घातली. त्यांना बरोबर कळलं.

रिक्षा नदीवरच्या पुलावर आली. विमलाबाई रिकामी पिशवी घडी करत होत्या, उलगडत होत्या, पुन्हा घडी करत होत्या. बापूरावांनी पुडा उघडून एक पेढा तोंडात टाकला आणि ते समाधानाने पोराकडे वळले.

“कळवतो म्हटलंस ना त्यांना?” ते म्हणाले. “मग कळव बरं लवकर. चांगली माणसं आहेत. वाट पाहून राहतील.”