बाराचा फोटो आणि चारचा फोटो

माणसाची तब्येत मुख्यतः उजेडाच्या दिशेवर अवलंबून असते. हे कळायला डॉक्टरांना अजून वेळ लागेल. आमच्या गावच्या सहकारी दूध संस्थेला ते एका बैठकीत कळलं.

झालं असं, की दुष्काळाच्या तिसऱ्या वर्षी गावात दूध उरलं नाही, संस्था तेवढी उरली. (संचालक अकरा, म्हशी सहा.) तेव्हा पुण्याच्या कुणा दात्यांनी तीन वर्षांखालच्या अशक्त मुलांसाठी दूध पावडर पाठवली. अट एकच: प्रत्येक मुलाचे दोन फोटो हवेत. एक पावडर सुरू होण्याआधीचा, दुसरा तीन महिन्यांनंतरचा.

माझा संघरत्न अडीच वर्षांचा, वजन साडेआठ किलो. आंघोळ घालताना मी त्याच्या बरगड्या मोजते आणि रोज सगळ्या सापडतात. त्यामुळे रांगेत पहिली मीच होते.

केजहून फोटोग्राफर जालिंदर आला. माणूस कलेतला. त्याने आम्हा आयांना समजावून सांगितलं: बाराच्या उन्हात, उघड्यावर, उभं राहून वरून फोटो काढला की पोराच्या डोळ्यांखाली खड्डे पडतात, गाल आत जातात, मान काडीसारखी होते. तेच पोर चार वाजता सावलीत बसवावं, बाजूला पांढरं धोतर ताणून उजेड तोंडावर घ्यावा, आपण त्याच्या उंचीला खाली बसावं, की गाल भरतात. चेहरा अगदी मधोमध घेऊ नये. पोर ज्या बाजूला बघतंय तिकडे थोडी जागा मोकळी सोडावी, म्हणजे त्याला भविष्य असल्यासारखं वाटतं.

चेअरमन आबासाहेब हे सगळं लक्ष देऊन ऐकत होते.

"मग तीन महिन्यांनी परत कशाला येतो रे? डिझेल काय फुकट हाय? दोन्ही आजच उरक."

ठराव एकमताने मंजूर झाला. गावातली एकतीस मुलं दुपारी बाराला कुपोषित झाली आणि चारला सुधारली. मधल्या वेळात कुणी काही खाल्लं नव्हतं, हे विशेष. इतका चोख निकाल मोठमोठ्या योजनांनाही साधलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी पावडरीसाठी डबा घेऊन संस्थेत गेले. सचिव बिभीषणभाऊंनी फाइल उघडून दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले.

"ताई, तुमचं पोरगं तर सुधारलंय की."

"भाऊ, पावडर अजून मिळायचीय."

"आता कशाला? गाल बघा की, लई गोड दिसायलंय. सुधारलेल्या पोराला पावडर दिली तर तपासणीला मी काय सांगू?"

वजन करून दाखवते म्हटलं, तर ते चालत नाही. (काटा पेंडीसाठी मंजूर आहे.) मात्र अपील करता येतं, सोबत अशक्तपणा स्पष्ट दिसेल असा ताजा फोटो जोडावा लागतो.

मी बाराच्या उन्हात पोराला अंगणात उभं केलं आणि मोबाइल काढला. तेवढ्यात सासूबाई, सारजाबाई, आतून धावत आल्या.

"फोटू काढायलीस अन् पोराला असंच उभं केलंस व्हय? लोक काय म्हनतील!"

त्यांनी तोंड धुतलं, पावडर फासली (ती संस्थेची नव्हे), काजळ घातलं, गालाला तीट लावली आणि वर पदराची सावली धरली.

"आत्याबाई, तो वाईट दिसायला पायजे."

"माझा नातू वाईट दिसायचाच न्हाई," त्या म्हणाल्या आणि रुसून आत गेल्या.

मी सगळं पुसून काढलं. ऊन लागून त्याचं तोंड वाकडं झालं, खड्डे पडले, उत्तम फोटो जुळून आला. आणि बटण दाबताना माझ्याच तोंडून गेलं, "हस रे, बाळा." सतरा फोटो काढले. सतराही फोटोंत हसतोय.

अपील फेटाळलं गेलं. सतरांतला एक फोटो मात्र संस्थेने वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठासाठी ठेवून घेतला.

आता शेवटची एक सोय आहे. अपील ऐकणाऱ्या समितीचं म्हणणं, फोटो बाहेरच्या माणसाला दाखवा. त्याला दया आली तर पावडर सुरू करू. बाहेरची माणसं म्हणजे तुम्हीच. तेव्हा संकोच न करता कळवा, दया यायला तुम्हाला पोराच्या डोळ्यांखाली किती काळोख लागतो? मी त्याला तेवढ्या उन्हात उभं करते.