विरारच्या पुढे मागणी नाही

लोकल विरारलाच संपायची त्या काळात, ती पुढे नेऊ नये असं ठामपणे म्हणणारा एकच माणूस आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत होता आणि तो नेमका माझ्या समोरच्या दारात राहत होता. परबकाका. उभा जन्म तिकीट-खिडकीत काढून रिटायर झालेले. विषय कुठलाही असो, त्यांचा मालवणी प्रश्न ठरलेला: "पण मागणी खंय आसा?" म्हणजे, मागणी आहे कुठे?

गच्चीवर पाण्याची नवी टाकी बसवायची ठरली, तेव्हा काकांनी विचारलं, मागणी खंय आसा? तळमजल्यावरच्या डिसोझांनी मुलीसाठी स्थळ बघायला घेतलं, तेव्हाही तेच. माझ्या बायकोने एकदा त्यांना शिरा नेऊन दिला, तर वाटी हातात घेऊन त्यांनी आधी हाच प्रश्न केला आणि मग शिरा संपवला.

आता माझ्याबद्दल. मी 'लोकल पालघरपर्यंत न्या' समितीचा चिटणीस होतो. का, तर जनसेवेची तळमळ. ही तळमळ मला विरार-पालघरच्या मधे सफाळ्याला प्लॉट घेतल्यानंतर दुसऱ्याच आठवड्यात लागली, हा निव्वळ योगायोग. ऑफिसातल्या एका मित्राने "दोन वर्षांत लोकल येते बघ, मग सोन्याचा भाव" असं सांगून तो प्लॉट माझ्या गळ्यात मारला होता. पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा प्लॉटवर गुडघाभर पाणी होतं आणि त्यात एक म्हैस बसली होती. पुढच्या खेपेलाही तीच होती. बायको पाहुण्यांना सांगायची, "यांनी सफाळ्याला जागा घेतलीय, म्हशीला आवडली."

समितीचे अर्ज वर जायचे आणि वरून एकच उत्तर यायचं की, त्या भागात पुरेशी मागणी दिसत नाही. हे ऐकून काका असे खूश व्हायचे, जणू उत्तर त्यांनीच लिहून दिलंय. तेव्हा मला एक नामी कल्पना सुचली. माझ्या नामी कल्पनांचा इतिहास म्हशीला विचारावा. पण वाटलं, ज्याने आयुष्यभर तिकिटं फाडली, त्याचीच सही अर्जावर असली तर नाही म्हणायची कोणाची टाप आहे?

रविवारी दुपारी कागद घेऊन गेलो. काकांची मुलगी सुनंदा आली होती. ती सफाळ्याच्या पुढच्या केळव्याला दिलेली, सासरी पानमळा. काकू गेल्यापासून महिन्यातून एखाद्या रविवारी ती वडिलांकडे यायची. येताना पिशवीभर केळी आणि पानं आणायची, ओटा घासायची, काकांच्या शर्टाची बटणं लावायची. संध्याकाळची शटल, म्हणजे विरारच्या पुढच्या स्टेशनांवर थांबणारी गाडी, चुकली तर राहायची. नंतरच्या गाड्या केळव्याला थांबत नसत, त्यामुळे मग सकाळीच.

मी भाषण सुरू केलं. काकांनी ते अर्ध्यात तोडलं. मागणी खंय आसा?

"मी आहे ना, बाबा," सुनंदा म्हणाली. "लोकल आली तर सकाळी येईन, संध्याकाळी घरी. गेल्या वेळी रात्री राहिले, तर सासूबाई चार दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी."

काका चष्मा पुसत बसले. थोड्या वेळाने सुनंदा उठली, पिशवी भरली, म्हणाली, आज शटल मिळेल, निघते. काका म्हणाले, थांब, हातावर दही घेतल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, तुझ्या आईची पद्धत. आणि आत गेले. आतूनच आवाज आला, "दही लागूक नाय अजून."

चिटणिसाने इथे गप्प बसायला हवं होतं. पण जनसेवा. मी म्हटलं, आमच्याकडे आहे की, वाटीभर आणतो. काका आतूनच म्हणाले, "शेजाऱ्याचा दही वाटेक चलना नाय."

असा नियम मी जन्मात ऐकला नव्हता. तेच सांगायला मी स्वयंपाकघरात डोकावलो. काका दाराकडे पाठ करून ओट्याशी उभे होते. हातात दह्याचा वाडगा. दही इतकं घट्ट लागलेलं की सुरीने कापावं. आणि काका ते चमच्याने भराभर खात होते. एवढं दही ते एका बैठकीत खाऊ शकत नव्हते, तरी खात होते. मला बघून थांबले. मिशी पांढरी झाली होती. त्यांनी फक्त मान हलवली, सांगू नको म्हणून.

मी बाहेर येऊन सुनंदाला म्हटलं, खरंच लागलं नाही गं.

प्लॉट, म्हैस, समिती सगळं विसरलो. दही लागायची वाट बघता बघता सुनंदाची शटल चुकली. रात्री त्यांच्या घरातून सुनंदाच्या हसण्याचा आवाज येत होता आणि काका कुठल्यातरी जुन्या स्टेशनमास्तरची नक्कल करत होते.

सकाळी सुनंदा घाईघाईने निघाली. तळहातावर दही होतंच, रात्रीचं नव्याने लावलेलं. ती जिना उतरून दिसेनाशी झाली, तरी काका दारात उभे होते. मग माझ्याकडे वळले. "तो कागद हाडा बघू."

मी म्हटलं, काका, राहू द्या हो, काही घाई नाही. एका चिटणिसाने असं बोलल्याची ही पहिलीच वेळ असावी.

"हाडा म्हणतंय ना. माझ्या चेडवाक, सुनंदाक सोयीचा जातला, तर मागणी आसा म्हणायची."

मी कागद आणला. भिंतीला टेकवून त्यांनी सावकाश सही केली, पासावर करावी तशी स्वच्छ. पेन परत देताना मात्र त्यांनी माझा हात धरला आणि हळूच विचारलं, "लोकल झाली तरी शेवटची गाडी कधीतरी चुकतली मा?"

"चुकते की, काका," मी म्हटलं. "दही लागलं नाही की हमखास चुकते."