कटरे सरांची थाळी

आमच्या शेजारच्या कटरे सरांच्या हातात स्टीलची थाळी आणि पळी दिसली, म्हणजे ते जेवायला बसताहेत असं समजू नका. ते शिकवताहेत.

आम्ही दोघंही गोंदियाच्या एका पॉलिटेक्निकमध्ये. मी गणिताचा, ते इलेक्ट्रॉनिक्सचे. घरंही एकाच कुंपणाच्या दोन बाजूंना, त्यामुळे कॉलेजात सुटलो तरी घरी सापडतो. कौशल्य स्पर्धेसाठी सर दरवर्षी मुलं निवडतात आणि संध्याकाळी, रविवारीसुद्धा, आपल्या अंगणात सराव घेतात. तांदळाच्या कणीएवढे पार्ट बोर्डवर सोल्डरिंग करून बसवायचे. हात जरा हलला की बोर्ड वाया. आणि मुलं अगदी श्वास रोखून काम करत असताना सर त्यांच्या मागे उभं राहून थाळी बडवतात.

“काऊन जी सर, पोरांना बहिरं करता का?” मी एकदा वैतागून विचारलं.

“स्पर्धेत जत्रा राहते जत्रा! माइक राहते, फोटोवाले राहतेत. तेथी हात हलला का खेळ खलास.”

थाळीने भागलं नाही तर लग्नाच्या बँडचं रेकॉर्डिंग. एकदा शेजारची बकरी आणून टेबलाखाली बांधली. मलाही त्यांनी सोडलं नाही. एका मुलाच्या कानाशी जाऊन ‘गरम समोसे आले’ एवढंच सांगून यायचं. मुलगा हलला. सर खूश होऊन ओरडले, “ध्यान कोठी हाये बे?” हे त्यांचं पालुपद. दूधवाल्यालाही ते हेच विचारतात आणि बँकेच्या मॅनेजरलाही.

मग वैष्णवी आली. ती विमानतळाला लागून असलेल्या बिरसी गावची. तिच्या घरावरून आणि धानाच्या बांध्यांवरून शिकाऊ वैमानिकांची विमानं सारखी घिरट्या घालतात. तिच्यापुढे थाळी, बँड आणि बकरी तिघंही हरले. “हे पोरगी दगड हाये दगड,” सर मला कौतुकानं सांगायचे.

या दगडाला कारखान्यात नोकरी हवी होती. पण भरतीसाठी कंपन्या आमच्या कॉलेजपर्यंत येतच नाहीत, आणि पाठवलेल्या अर्जांना उत्तर येत नाही. घरच्यांनी तिच्यासाठी बाजारातल्या साड्यांच्या दुकानात शब्द टाकून ठेवला होता. स्पर्धेत काही जमलं नाही तर परत येऊन साड्या उलगडायच्या. “कागद कोन पायते? नागपुरात कंपनीवाले येऊन हात पायतेत,” सर तिला धीर द्यायचे.

नागपूरला मीही सोबत गेलो. हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि सरांचा चेहराच उतरला. गारेगार, चकचकीत हॉल, बोलायला सक्त मनाई. प्रेक्षक दोरीमागे गप्प. शिंक आलेला माणूससुद्धा बाहेर जाऊन शिंकत होता. वैष्णवीने सोल्डरिंगची कांडी उचलली आणि तिचा हात थरथरायला लागला. एवढी शांतता त्या पोरीने जन्मात ऐकली नव्हती. तिने रडवेल्या तोंडाने आमच्याकडे पाहिलं.

सरांनी पिशवीतून जेवणाचा डबा काढला आणि सरळ फरशीवर टाकला.

अख्खा हॉल दचकला. वैष्णवीचे खांदे मात्र खाली आले आणि ती बोर्डवर वाकली.

“कोण आहे ते?” परीक्षक म्हणाले.

“हात सटकला जी,” सर म्हणाले. थोड्या वेळाने त्यांचा हात पुन्हा सटकला. मग गार्ड त्यांना बाहेर घेऊन गेला. सरांनी हॉलच्या खिडकीखाली उभं राहून त्याच्याशी भांडण काढलं. “माह्या डब्याले हात कायले लावला?” बिचाऱ्याने डब्याकडे पाहिलंही नव्हतं. तो माफी मागत होता, सर घेत नव्हते. वेळ संपल्याची घंटा होईपर्यंत भांडण चाललं, आणि मग सरांनी त्याच डब्यातले पोहे गार्डला आग्रहाने खाऊ घातले.

वैष्णवी दुसरी आली. एका कंपनीच्या बाईंनी तिचा बोर्ड भिंगाखाली धरून पाहिला आणि विचारलं, “एवढ्या आरडाओरड्यात तुझं लक्ष विचलित झालं नाही?”

“आमचे सर भांडून राहिले होते ना मॅडम, म्हणून तर जमलं.”

महिन्याभरात ती पुण्याजवळच्या कारखान्यात ट्रेनी इंजिनिअर म्हणून रुजू झाली.

सरावाचा हंगाम संपला आणि कुंपणापलीकडे सगळं शांत झालं. वहिनींना जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. ते घर इतकं रिकामं आहे हे एवढ्या गोंगाटात आम्हा शेजाऱ्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

परवा रविवारी मी पेपर तपासत असताना एकाएकी थाळी वाजली. मी कुंपणावरून डोकावलो. अंगणात सर एकटेच होते. समोर स्टुलावर मोबाइल होता आणि त्यातून वैष्णवीचा आवाज येत होता. “वाजवा सर. उद्या नवीन बोर्डची ट्रायल हाये. रूमवर सराव करून राहिली, पण लय शांत हाये, हात कापून राहिला.”

सर जीव तोडून वाजवत होते. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “जमलं सर. ठेवते.” मोबाइलचा उजेड गेला. सर वाजवतच राहिले.

“सर, फोन बंद झाला,” मी म्हणालो.

“मालूम हाये मले,” ते म्हणाले. पळी थांबली नाही.

पेपरांचा गठ्ठा उचलून मी त्यांच्या अंगणात गेलो आणि वैष्णवीच्या खुर्चीत बसून तपासायला लागलो. थाळी माझ्या कानाशी आली. पहिल्याच पेपरात माझी बेरीज चुकली.

सरांनी वाकून पाहिलं आणि ते कितीतरी दिवसांनी हसले.

“ध्यान कोठी हाये जी?”